किनारी वॅटल : स्वदेशी उपकारक, परदेशी उपद्रवी

समुद्रकाठची वाळू वाऱ्याने उडून वाडीत व शेतात येऊ लागली म्हणजे लवकर वाढणारे एखादे झाड लावून ती थोपवावी, असे कोणालाही वाटते. विचार योग्यच आहे. परंतु झाड कोणते निवडावे, यावर पुढील पिढ्यांचे हित अवलंबून असते. ऑस्ट्रेलियातील किनारी वॅटल या झुडपाची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे.

वॅटल हे बाभळीच्या कुळातील झुडूप होय. ऑस्ट्रेलियात वसाहत करणाऱ्या इंग्रजांनी तेथील लवचिक फांद्या विणून व त्यांवर माती लिंपून, आपल्याकडील कुडासारख्या भिंती उभारल्या. त्यावरून हे नाव पडले. किनारी वॅटलचे शास्त्रीय नाव अकेशिया लाँगिफोलिया असे आहे. आग्नेय ऑस्ट्रेलिया व टास्मानिया येथे ते आपोआप उगवते. त्याची सोफोरी ही उपजात वाळूच्या टेकड्यांवर आडवी पसरते व वाळू धरून ठेवते. त्याची जी पाने दिसतात ती वस्तुतः चपटे झालेले देठ होत. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करीत असल्याने निकस वाळूतही हे झुडूप जोमाने वाढते.

हे गुण पाहूनच ही जात बाहेर नेण्यात आली. दक्षिण आफ्रिकेत ती १८२७ साली पोहोचली. पुढे पोर्तुगालच्या किनाऱ्यावरही वाळू थोपविण्यासाठी तिची लागवड झाली. वाळू थांबली खरी. परंतु झुडूप थांबले नाही. मायदेशी त्याचे बी व कळ्या खाणारे कीटक असतात. परदेशात ते नव्हते. त्यामुळे बियांचा अमाप सडा पडू लागला. टणक कवचाचे हे बी जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते व वणव्यानंतर एकदम उगवते. दाट जाळीखाली स्थानिक वनस्पती गुदमरल्या, आणि नत्राने वाळूचा मूळ कस बदलल्यामुळे झुडपे तोडल्यावरही तेथे दुसरी तणे माजली.

अखेर उपाय मायदेशातूनच आणावा लागला. कळ्यांत अंडी घालून तेथे फुलांऐवजी गाठी निर्माण करणारा एक बारीक कीटक १९८२ पासून दक्षिण आफ्रिकेत सोडण्यात आला. १९८५ मध्ये बी खाणारा सोंड्या भुंगाही सोडला गेला. बियांचे उत्पादन पुष्कळच घटले. पोर्तुगालने तोच गाठी करणारा कीटक २०१५ साली सोडला. तथापि जमिनीत पूर्वी साठलेले बी कायमच असल्याने उगवलेली रोपे वारंवार उपटावी लागतात.

कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही याच कुळातील, परंतु निराळी जात आहे. किनारी वॅटलचे दोष सरसकट तिच्यावर लादू नयेत. मात्र तिची रोपे लागवडीबाहेर आपोआप उगवतात काय, याकडे लक्ष ठेवणे इष्ट.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी कोणतेही परदेशी झाड लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : त्याचे बी किती पडते? ते जमिनीत किती काळ टिकते? झाड नको झाल्यास काढता येईल काय? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास घाई करू नये. आपल्या पुळणीवर मर्यादवेल व रावणाच्या मिशा या वनस्पती पूर्वापार वाळू धरून आहेत, तर त्यांच्या मागे केवडा व उंडी वाढतात. प्रथम त्यांचे रक्षण करावे. नवी लागवड त्यानंतर.