दोन तपासण्यांच्या मधले दिवस

केमोथेरपी घेणारा रुग्ण डॉक्टरांसमोर बसतो तो दोन-तीन आठवड्यांतून एकदा, आणि तोही काही मिनिटंच. मळमळ, जुलाब, धाप, दुखणं हे सगळं तो सोसतो घरी. तपासणीच्या दिवशी मात्र ‘तसं बरं आहे’ एवढ्यावरच विषय आटोपतो. तक्रार केली तर औषध थांबवतील, ही धास्तीही असते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरमध्ये ईथन बॅश आणि सहकाऱ्यांनी या मधल्या दिवसांचाच अभ्यास केला. कॅन्सर शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीप्रमाणेच उपचार मिळाले. दुसऱ्या गटातले रुग्ण १२ लक्षणांचा त्रास किती आहे हे संगणकावर नोंदवत. त्रास तीव्र असला किंवा वाढला, की परिचारिकेला ईमेल जाई. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान २६ महिने, तर नोंद करणाऱ्यांचं ३१.२ महिने भरलं. नोंद करणारे तातडीच्या विभागात कमी वेळा गेले आणि त्यांची केमोथेरपी अधिक काळ चालू राहिली.

संगणकाने कॅन्सर बरा केला नाही, हे उघड आहे. जुलाब पहिल्याच दिवशी कळले तर एका फोनवर औषध बदलता येतं. आठवडाभराने कळले तर सलाईन लावावं लागतं आणि पुढचा डोस लांबतो. म्हणून माझ्या मते या पद्धतीचं खरं बळ प्रश्नावलीत नाही, ती वाचून फोन करणाऱ्या परिचारिकेत आहे. हा फरक इथे फार महत्त्वाचा, कारण ॲप विकत घेणं सोपं असतं आणि माणूस नेमणं महाग.

आक्षेप दोन आहेत, आणि दोन्ही रास्त. पहिला असा, की हा अभ्यास एकाच नामांकित रुग्णालयातला. पुढे अमेरिकेतल्या ५२ केंद्रांवरच्या मोठ्या चाचणीत जीवनमान आणि लक्षणांवरचा ताबा सुधारला, पण आयुर्मानात ठळक फरक दिसला नाही. तेव्हा आयुष्य वाढण्याची हमी कुणी देऊ नये. तरीही त्रास कमी होणं ही रुग्णाच्या लेखी दुय्यम बाब नव्हे. दुसरा आक्षेप वयस्कर, संगणकाची सवय नसलेल्या रुग्णांचा. न्यूयॉर्कच्या अभ्यासात संगणक फारसा न वापरलेल्यांनाच या पद्धतीचा अधिक फायदा झाला होता. बहुधा एरवी फोन करायला सर्वांत जास्त संकोचणारेही तेच असावेत.