मतभेदाचे चार इंग्रजी शब्द

न जुळणाऱ्या गोष्टींसाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. मराठी अनुवादक बहुधा 'मतभेद' किंवा 'विसंगती' या दोहोंवर त्या सर्वांची बोळवण करतो. ही सवय इतिहासलेखनात किती घातक ठरते, हे वर्ध्याच्या एका प्रसंगावरून दिसून येईल.

प्रथम शब्दांची घडण पाहू. 'डिसेंट'च्या मुळाशी 'वाटणे' या अर्थाचा लॅटिन धातू आहे. एखाद्यास निराळे वाटणे हा त्याचा गाभा. 'डिस्कॉर्ड'च्या मुळाशी हृदयवाचक शब्द आहे. तेथे मनेच दुरावतात. 'इन्कन्सिस्टन्सी' म्हणजे दोन गोष्टी एकत्र उभ्या न राहणे. 'इन्कम्पॅटिबिलिटी'त मूळ अर्थ 'एकत्र सोसणे' असा असून, त्याच्या अभावी दोन गोष्टी एका ठायी नांदू शकत नाहीत. पहिल्या तिहींस भिन्नमत, बेबनाव व विसंगती हे प्रतिशब्द योजता येतील. चौथ्यास 'एकत्र न नांदणे' असे सरळ म्हणणे बरे.

जून १९४० मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यास भरली. स्वातंत्र्यलढ्यात अहिंसा तिला मान्य होती. परंतु परचक्रापासून देशाचे रक्षण आणि निःशस्त्र अहिंसा या दोन गोष्टी एकत्र नांदतील, असे तिला वाटेना. गांधीजींना तसे वाटत होते. अखेर कार्यकारिणीने आपल्या कार्यक्रमाच्या जबाबदारीतून त्यांना मुक्त केले. हे भिन्नमत होय. याला बेबनाव म्हणता येणार नाही. कारण सप्टेंबरात नेतृत्व पुन्हा गांधीजींकडेच आले आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला.

विसंगतीचा प्रश्न याहून निराळा आहे. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरणारे गांधीजी आणि १९४० चे गांधीजी यांची तुलना केल्यास तो उपस्थित होतो. तेथे वाद दोन पक्षांत नसून एकाच व्यक्तीच्या दोन भूमिकांत आहे. आपली दोन वचने जुळत नसतील तर नंतरचे ग्राह्य धरावे, असे त्यांनी १९३३ मध्येच 'हरिजन' पत्रात सांगून ठेविले होते.

तात्पर्य, 'डिसेंट'च्या जागी 'बेबनाव' लिहिणारा केवळ शब्द चुकत नाही. परस्परांविषयीचा आदर राखून वेगळे झालेल्या माणसांना तो एकमेकांचे वैरी ठरवितो.