ओलांडणे : एका क्रियापदाचे गणगोत

एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाणे या साध्या क्रियेसाठी मराठीने एकाच शब्दावर भागवून घेतले नाही. मध्ये आडवे काय आले आहे, हे पाहून तिने क्रियापद योजले. मंगरुळपीर तालुक्यातील आसेगावच्या परिसरात ऐन पावसाळ्यात काळ्या रानातून घरी परतणारा शेतकरी धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडतो, पण नाला उतरतो. आणि पाणी चढले असेल तर ‘नाल्याले उतार नाही’ एवढेच बोलून अलीकडे थांबतो. उतार म्हणजे पायाला तळ लागेल अशी पाण्यातील वाट.

ओलांडण्यास पाऊल उचलावे लागते. म्हणूनच धुरा, उंबरठा, वेस ही त्याची स्वाभाविक कर्मे. निजलेल्या मुलास ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, असे वडीलधारी माणसे बजावतात तेही याच अर्थाने. मांजर मात्र आपली वाट ओलांडत नाही, ते आडवे जाते. कारण तेथे लक्ष मांजराच्या पावलाकडे नसून आपल्या अडलेल्या कामाकडे असते.

उल्लंघन हा याच कुळातील संस्कृत थाटाचा शब्द आज्ञा, नियम आणि मर्यादा यांच्यासाठी राखलेला आहे. त्यात अपराधाची छटा असते, परंतु दसऱ्याच्या सीमोल्लंघनात तीच क्रिया पराक्रमाची ठरते आणि लोकांच्या तोंडी तिचे शिलंगण होते. लंघनात ओलांडायचे असते ते जेवण. तरणे याहून निराळे : तेथे पैलतीर गाठण्याइतकेच न बुडणे महत्त्वाचे, म्हणून भवसागरही तरायचा असतो आणि परीक्षेतही विद्यार्थी कसाबसा तरतो. पार या शब्दाची दृष्टी शेवटाकडे आहे. कार्य पार पडते, ते कोणी ओलांडत नाही. ओलांडणारा आपल्या पायाने जातो, हद्दपार किंवा तडीपार होणाऱ्यास मात्र सरकार घालवते.

या छटा कशा जुळतात आणि वेगळ्या होतात, हे याच वऱ्हाडाच्या सरहद्दींवरून दिसते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आले, तेव्हापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत पैनगंगेचा बराचसा प्रवाह वऱ्हाड आणि हैदराबादचा मुलूख यांची सरहद्द होता. त्यामुळे जो इसम नदी उतरे, तो त्याच पावली हद्द ओलांडी, आणि परवान्यावाचून माल नेत असल्यास कायद्याचे उल्लंघनही करी. याउलट, १९०५ साली वाशीम जिल्हा मोडून मंगरुळ तालुका अकोल्यास जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला, तेव्हा रयतेने काहीच ओलांडले नाही. जिल्ह्याची हद्दच इकडची तिकडे झाली.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशासारख्या (१९३२–३८) ग्रंथांत अशा छटा नोंदलेल्या असता, आज नदी, रस्ता, वय आणि आकडा या सर्वांस सरसकट ‘पार करणे’ किंवा ‘क्रॉस करणे’ लावले जाते, हे अकारण दारिद्र्य होय. लिहिणाऱ्यांनी नदी उतरावी, रस्ता ओलांडावा, संकट तरून जावे आणि कार्य पार पाडावे.