कोठीची कड: कुठे गोळा करावी, कुठे ताणावी



भात झोडून, वाळवून घरात आणले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. पण खरे तर काम अर्धेच झालेले असते. चार महिने राबून पिकवलेले धान्य पुढचे आठ महिने टिकवायचे असते. आपल्याकडे खानापूरच्या बाजूला काय किंवा गोव्यात काय, पावसाळ्यातली दमट हवा घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरते. कणगीला शेणामातीचा गिलावा कितीही नीट दिला तरी उंदीर एका रात्रीत तो पोखरतो. म्हणून पुष्कळ घरांत आता जस्ताच्या पत्र्याची कोठी आली आहे. ही वाट नवी नाही. उत्तर प्रदेशातील हापूर येथील सरकारी धान्य साठवण संस्थेने घरगुती पत्र्याच्या कोठ्यांचे नमुने फार पूर्वीच तयार केले. मध्य अमेरिकेत होंडुरास या देशात १९८३ पासून स्वित्झर्लंडच्या मदतीने खेड्यातल्या पत्रा कारागिरांना अशाच कोठ्या करायला शिकवले गेले. हे काम पुढे शेजारच्या देशांतही पसरले.

पत्र्याचे पिंप वळवणे कठीण नाही. कठीण असते ती कड. पिंपाला बूड बसवायचे तर गोल कड वळवावी लागते. तोंडावर झाकण घट्ट बसायचे तर तिथेही गोल कॉलर उभी करावी लागते. कोठी चांगली की वाईट हे या दोन कडांवरच ठरते. म्हणून आज त्याच कामाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. ज्यांना स्वतः करायचे आहे त्यांना ते उपयोगी पडेल. जे कारागिराकडून करून घेतील त्यांना काम पारखून घेता येईल.

एक जुनी चूक

काही वर्षांपूर्वी मी स्वतः एक कोठी करून पाहिली. बूड चांगले बसले, त्यामुळे अंगात जोर आला. तोंडाची कॉलर मी लोखंडी हातोडीने एका दमात वळवली. ती तीन जागी चिरली. चिरा लहान होत्या, म्हणून मेण भरून भागवले आणि झाकण लावले. श्रावणात झाकण उघडले तेव्हा वरचा वीतभर तांदूळ दमट होऊन गोळा झाला होता आणि त्यात सोंडे फिरत होते. थोडी कीड धान्याबरोबरच आली असेल. पण तिला लागणारी हवा आणि ओल त्या चिरांनीच पुरवली. तेव्हा मी जाणकार माणसाकडे जाऊन विचारले. जे कळले ते असे.

दोन कडा, दोन स्वभाव

सरळ रेषेवर पत्रा दुमडला तर तो निमूट दुमडतो. गोल रेषेवर मात्र त्याची लांबी बदलावी लागते. ती दोन तऱ्हांनी बदलते.

पहिली तऱ्हा: गोल चकतीची बाहेरची कड वर उचलायची. बाहेरचा घेर मोठा असतो, त्याला लहान घेरात बसायचे असते. पत्रा जास्त होतो आणि चुण्या पडतात. पळसाच्या पानाचा द्रोण करताना कडेला घड्या घालाव्या लागतात, तेच हे. पानाला घडी चालते, पत्र्याला चालत नाही. तिथे तो जास्तीचा पत्रा जागच्या जागी गोळा करून जिरवावा लागतो.

दुसरी तऱ्हा: भोकाची आतली कड वर उचलायची. इथे लहान घेराला मोठे व्हायचे असते. पत्रा कमी पडतो, ताणला जातो आणि चिरतो. ज्वारीची भाकरी थापताना ती मोठी होऊ लागली की कड तडकते, हे घरातल्या भगिनींना सांगायला नको.

एवढे ध्यानात आले की पुढचे सोपे आहे. काम हाती घेण्याआधी विचारावे, ही कड गोळा होणार की ताणली जाणार? गोळा करायची असेल तर लाकडी हातोडी आणि लाकडाचाच ठोकळा वापरावा. लाकडाने पत्रा पातळ होत नाही, तो आपल्या जागी दबत जातो. ताणायची असेल तर लोखंडाच्या टेकूवर लोखंडी हातोडीचे हलके ठोके द्यावेत. लोखंड आणि लोखंड यांच्यामध्ये सापडलेला पत्रा पातळ होतो आणि पसरतो. माझी कॉलर चिरली ती ठोके भारी होते आणि घाई होती म्हणून.

थोडे गणित

चकतीची कड ६ मि.मी. उंच उभी करायची असेल तर घेर सुमारे ३८ मि.मी., म्हणजे दीड इंच, कमी व्हावा लागतो. चकती लहान असो की मोठी, हा आकडा तोच राहतो. मोठ्या चकतीत हा दीड इंच लांब घेरावर वाटला जातो, म्हणून काम सोपे. लहान डब्याच्या बुडात तो थोड्या घेरात जिरवायचा असतो, म्हणून काम अवघड.

भोकाचे गणित निराळे. ३० सें.मी. तोंडाला १ सें.मी. उंच कॉलर हवी तर भोक २८ सें.मी.चे कापावे लागते. कड २८ ची ३० होते, म्हणजे शेकडा सात ताण. मऊ पत्रा तेवढा सोसतो. पण धान्य काढण्याच्या १० सें.मी.च्या नळीसाठी तेवढीच कॉलर करू गेलो तर ८ चे १० करावे लागतात. हा शेकडा पंचवीस ताण झाला, तिथे पत्रा बहुधा चिरणारच. तिथे कॉलर ५ मि.मी.च ठेवावी. भोक लहान, तर कॉलरही लहान.

सामान

घराच्या छपराचा नागमोडी पत्रा या कामाला घेऊ नये. तो बहुधा कडक असतो आणि गोल कडेवर चिरतो. जस्ताचा साधा सपाट पत्रा, २४ गेजचा, पुरे. घेण्यापूर्वी एक पट्टी कापून पूर्ण दुमडून पाहावी. दुमडीवर चीर पडली किंवा जस्ताचे पापुद्रे सुटले तर तो पत्रा घेऊ नये.

हत्यारे थोडीच लागतात. पत्र्याची कात्री, कानस, कंपास, लाकडी हातोडी, हलकी लोखंडी हातोडी, बाभळीचा किंवा सागाचा गोल कडेचा ठोकळा आणि लोखंडाचा एक जाड तुकडा. लोहाराकडचा रुळाचा तुकडा कड कानसून गुळगुळीत केला तर उत्तम. वळवण्याची रेषा पेन्सिलीने आखावी. खिळ्याने ओरखडा काढला तर जस्त निघते आणि चीर तिथूनच सुरू होते.

बूड बसवणे

६० सें.मी. रुंद आणि ९० सें.मी. उंच कोठीत भात जवळजवळ दीड क्विंटल आणि गहू सुमारे दोन क्विंटल मावतो. तिचे बूड असे बसवावे.

१. पिंपाचा उभा सांधा दोन दुमडी एकमेकांत अडकवून ठोकून घ्यावा. खालच्या टोकाला सांध्याचे जास्तीचे पदर थोडे कापून टाकावेत. नाहीतर तिथे चार पदरांची जाडी होऊन कड वळत नाही.

२. पिंपाची खालची कड ८ मि.मी. बाहेर वळवावी. ही ताणण्याची कड आहे. आधी कानशीने कड साफ करावी. मग लोखंडाच्या तुकड्यावर टेकवून हलके ठोके देत पूर्ण फेरी मारावी. एका फेरीत थोडेच वळवावे. काटकोनापर्यंत यायला पाच-सहा फेऱ्या लागल्या तरी चालेल.

३. बुडाची चकती सुमारे ६३ सें.मी. व्यासाची कापावी. तिची ६ मि.मी. कड वर उचलावी. ही गोळा करण्याची कड आहे. चकती लाकडी ठोकळ्याच्या गोल कडेवर धरून लाकडी हातोडीने ठोकत फिरवावी. बारीक लाटा दिसू लागतील. त्या लहान असतानाच बाजूंनी ठोकून दाबाव्यात. लाट मोठी होऊन एकावर एक घडी पडली की ती पुन्हा उलगडत नाही आणि त्या घडीतून मुंगीला वाट मिळते.

४. पिंप चकतीत ठेवावे. चकतीची उभी कड पिंपाच्या बाहेर वळलेल्या कडेवर आणून दाबावी. प्रथम समोरासमोर चार जागी, मग त्यांच्या मधे, असे करत सगळा घेर बंद करावा. एका टोकापासून सलग ठोकत गेलो तर उरलेला सगळा पत्रा शेवटच्या वीतभरात जमतो.

वरच्या झाकणाच्या चकतीलाही हीच रीत. तोंडाचे भोक मात्र चकती पिंपाला जोडण्यापूर्वीच कापून त्याची कॉलर उभी करावी, कारण नंतर आतून टेकू देता येत नाही. भोकाची कड कानशीने आणि मग घासकागदाने बोटाला गुळगुळीत लागेल इतकी घासावी. प्रत्येक चीर कापताना राहिलेल्या एखाद्या खाचेपासूनच निघते. काही जण ताण टाळण्यासाठी कडेला कातरे मारतात. कड मग सहज वळते, पण प्रत्येक कातऱ्यात फट राहते. धान्याच्या कोठीला हे चालत नाही.

तांबट भांडे ठोकताना मधे तापवून तांबे मऊ करून घेतो, तसे आपण का करू नये, असे कोणी विचारील. जस्ताचा पत्रा तापवू नये. जस्त जळून जाते आणि पत्रा पुढे गंजतो. त्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी हिवतापासारखी थंडी वाजून ताप येतो. हे काम थंड पत्र्यावर, सबुरीनेच करायचे आहे.

कोठी पारखणे

रात्री कोठीत पेटती विजेरी ठेवून झाकण लावावे आणि अंधारात बाहेरून पाहावे. जिथून उजेड दिसेल तिथून हवा, ओल आणि कीड जाणार. तो सांधा पुन्हा ठोकावा. तरीही राहिले तर डाख द्यावा, पण बाहेरूनच, आणि शिसे नसलेल्या कथलाचा. नेहमीच्या डाखात शिसे असते. ते धान्यात जाणे, विशेषतः लहान मुलांच्या पोटात जाणे, वाईट.

हात सांभाळा

कापलेल्या पत्र्याची धार विळ्याहून वाईट. जाड हातमोजे आणि पायांत बूट घालूनच काम करावे. तुकडे अंगणात टाकू नयेत, मुले आणि गुरे तिथेच फिरतात. जखम झाली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. हळद किंवा शेण लावू नये. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. मातीने मळलेली जखम असेल आणि धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षे झाली असतील, किंवा कधी घेतली ते आठवत नसेल, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

कोठी भरताना

चांगली कोठी ओल्या धान्याला वाचवत नाही, उलट आतली ओल आतच कोंडते. काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे धान्य आणि कोरडे मीठ घालून हलवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य ओले आहे, अजून वाळवावे. उन्हातून आणलेले धान्य गरम असताना भरू नये. कोठी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, सावलीत ठेवावी.

किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या कोठीत कधीही टाकू नयेत. त्यांचा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि त्या प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखालीच वापरायच्या असा नियम आहे. रिकाम्या कोठीत मुले लपायला शिरतात. झाकण आपोआप लागले तर आत हवा पुरत नाही. म्हणून रिकामी कोठी आडवी ठेवून तिचे झाकण वेगळे काढून ठेवावे.

शेवटी एवढेच. कोठी विकत घेतलीत तरी तोंडाच्या कॉलरवरून एकदा बोट फिरवा. चीर, घडी किंवा कातरा लागला तर कारागिराला तिथेच दाखवा आणि दुरुस्त करून मागा. एका फेरीऐवजी सहा फेऱ्या मारायला त्याला अर्धा तास जास्त लागेल. त्या अर्ध्या तासावर आपल्या घरचे आठ महिन्यांचे अन्न अवलंबून असते.