पिझ्झाची कणीक व गव्हाची निवड

शहरांतून खेड्यांकडे आलेल्या नव्या खाद्यपदार्थांत पिझ्झा हा एक होय. तालुक्याच्या गावी तो मिळतो, घरची मुले तो मागतात, आणि अनेक ठिकाणी बचत गटांच्या भगिनी तो करून विकण्याच्या विचारात असतात. त्यासाठी लागणारी जाड पोळी, जिला बाजारात ‘बेस’ म्हणतात, बहुधा विकत आणली जाते. वस्तुतः पीठ, पाणी, मीठ व यीस्ट या चार वस्तूंपासून ती घरच्या परातीत तयार होऊ शकते.

तथापि प्रथम प्रयत्नात ही पोळी पुष्कळदा दडस होते. अशा वेळी दोष यीस्टला दिला जातो व पुढील खेपेस यीस्ट दुप्पट घातले जाते. मग कणीक झपाट्याने वर येते, पण तिला उग्र आंबूस वास सुटतो आणि तव्यावर पडताच ती खाली बसते. घरी वाटीभर पीठ वाया गेले तर ते सोसते. परंतु एखाद्या गटाने विक्रीसाठी दहा किलो पीठ भिजवले आणि ते असे बिघडले, तर भांडवल व उमेद या दोहोंचीही हानी होते. ही हानी टाळण्यासाठी एक गोष्ट नीट समजून घेणे अवश्य आहे. कणीक फुगविण्याचे काम यीस्ट करते, पण ती फूग धरून ठेवण्याचे काम गहू करतो. आणि ही दोन्ही कामे पुरी होण्यास वेळ द्यावा लागतो.

मूळ रीत

पिझ्झाचे माहेर म्हणजे इटली देशातील नेपल्स हे शहर. तेथील रीत युरोपीय संघाने २०१० साली पारंपरिक खाद्य म्हणून नियमबद्ध केली, आणि २०१७ साली तेथील पिझ्झा करणाऱ्या कारागिरांच्या कलेची नोंद युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. या नियमानुसार १ लिटर पाण्यास सुमारे १,८०० ग्रॅम पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि अवघे ३ ग्रॅम ताजे यीस्ट घेतात. मळलेली कणीक २ तास झाकून ठेवतात. नंतर तिचे १८० ते २५० ग्रॅम वजनाचे उंडे करून ते आणखी ४ ते ६ तास ठेवतात. लाकडाच्या भट्टीत सुमारे ४८५ अंश सेल्सियस उष्णतेवर ही पोळी ६० ते ९० सेकंदांत भाजली जाते.

या प्रमाणात ध्यानी घेण्याजोगी बाब अशी की, पावणेदोन किलोहून अधिक पिठास केवळ चिमूटभर यीस्ट पुरते, कारण उरलेले काम वेळ करते. आपल्याकडील इडली-आंबोळीचे पीठ रात्रभर ठेवण्यामागे असाच हिशेब असतो.

भाकरी का फुगून राहत नाही

ज्वारी-बाजरीची भाकरी तव्यावर टम्म फुगते, पण ती फूग केवळ वाफेची असते. वाफ गेली की भाकरी बसते. ज्वारी-बाजरीच्या पिठात चिवट प्रथिनांचे जाळे तयार होत नाही. म्हणूनच गृहिणी उन्हवणी घालून ते पीठ बांधून घेतात. गव्हाची गोष्ट वेगळी आहे. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळले गेले की त्यातील प्रथिने एकमेकांत गुंतून रबरासारखा लवचिक पदार्थ तयार होतो. यास ग्लुटेन म्हणतात.

यीस्ट हे अतिसूक्ष्म जीव होत. ते पिठातील साखर खाऊन कर्बद्विप्राणिल वायू व थोडे मद्यार्क उत्पन्न करतात. हा वायू ग्लुटेनच्या पातळ पडद्यांत अडकतो आणि कणकेस जाळी पडते. पडदा चिवट व ताणला जाणारा असेल तर वायू टिकतो. तो ठिसूळ असेल तर फाटतो आणि वायू निघून जातो. मग यीस्ट कितीही घातले तरी उपयोग होत नाही.

कोणता गहू घ्यावा

महाराष्ट्रात गव्हाच्या तीन जाती परिचित आहेत. सरबती, बन्सी आणि खपली. सरबती गव्हाचे ग्लुटेन ताणले असता लांबते व पुन्हा आखडते. त्यामुळे पाव व पिझ्झा यांस तो योग्य होय. बन्सी गव्हाचा दाणा कठीण व पिवळसर असतो. त्यात प्रथिने पुष्कळ असतात, परंतु त्याचे ग्लुटेन ताणले असता लवकर तुटते. म्हणून रवा, शेवया व मॅकरोनी यांस तो उत्तम, पण फुगणाऱ्या कणकेस गौण ठरतो. खपली गव्हाची खीर व पुरणपोळी नावाजलेली आहे. तथापि त्याचे ग्लुटेन दुर्बल असल्याने आंबवलेली पोळी त्यापासून हलकी होत नाही. प्रथिने अधिक म्हणजे फूग अधिक, हा समज यास्तव खरा नाही.

शेतकऱ्यास आपल्या वाणाची जात त्याच्या नावावरूनही ओळखता येते. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या निफाड येथील संशोधन केंद्राच्या वाणांत ‘एनआयएडब्ल्यू’ या अक्षरांनी आरंभ होणारे वाण सरबती असतात, उदाहरणार्थ त्र्यंबक (एनआयएडब्ल्यू-३०१). ‘एनआयडीडब्ल्यू’ ने आरंभ होणारे वाण बन्सी असतात, उदाहरणार्थ गोदावरी (एनआयडीडब्ल्यू-२९५). लोक-१ हा सर्वत्र पेरला जाणारा वाणही सरबती गटातील आहे.

घरच्या गव्हाचे पीठ वापरावयाचे असल्यास ते बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळावे. कोंड्याचे टोकदार कण ग्लुटेनचे पडदे कापतात. म्हणून जितका कोंडा अधिक तितकी पोळी दडस होते. आरंभी निम्मे चाळलेले पीठ व निम्मा मैदा घ्यावा आणि हात बसल्यावर मैदा कमी करीत जावा. कोंडा असलेल्या पिठाचाही पाव होतो, हे गोव्यातील पोय दाखवून देते. गोव्याचे पोदेर पूर्वी या कणकेत यीस्टऐवजी माडाची सूर घालीत; सुरेत यीस्ट निसर्गतःच असते.

पिठाची परीक्षा

पीठ योग्य आहे किंवा नाही हे घरीच पाहता येते. चाळलेले ५० ग्रॅम पीठ घेऊन सुमारे ३० मिलिलिटर पाण्यात त्याचा घट्ट गोळा करावा व तो अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवावा. नंतर फडक्यावर धरून पाण्याच्या बारीक धारेखाली तो हलके चोळीत राहावे. प्रथम पांढरे दुधासारखे पाणी निघते. कुरडईसाठी गहू भिजवून जो चीक काढतात तो मुख्यतः हाच. ते पिष्ट होय. पाणी स्वच्छ येऊ लागले की हातात पिवळसर करडा, रबरासारखा गोळा उरतो. हे ओले ग्लुटेन होय. ते पिळून तोलावे. १३ ते १५ ग्रॅम किंवा अधिक भरल्यास व बोटांनी ताणले असता न तुटता लांबल्यास पीठ चांगले समजावे. गोळा हातात न राहता विरघळून गेला, किंवा ताणताच तुटला, तर त्या पिठात मैदा मिसळल्यावाचून पिझ्झा करू नये.

साहित्य व कृति

चार पोळ्यांसाठी पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, मीठ १० ग्रॅम आणि कोरडे दाणेदार यीस्ट १ ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा, घ्यावे. एक मोठा चमचा तेल घातल्यास पोळी मऊ राहते. ते अवश्यच आहे असे नाही. चक्कीचे पीठ मैद्यापेक्षा अधिक पाणी पिते. त्यास ३० ते ५० मिलिलिटर पाणी जास्त लागते. शक्य तो सर्व वस्तू तोलून घ्याव्यात. वाटी व मूठ यांच्या मापात दर खेपेस फरक पडतो आणि मग चूक कोठे झाली हे कळत नाही.

१. पाणी हिवाळ्यात कोमट व उन्हाळ्यात माठातील घ्यावे. बोटास चटका बसेल असे पाणी कधीही वापरू नये. त्याने यीस्ट मरते. यीस्ट पाण्यात विरघळवून दहा मिनिटे ठेवावे.

२. परातीत पीठ घेऊन यीस्टचे पाणी घालावे, पीठ सर्वत्र ओले होईपर्यंत कालवावे आणि ओल्या फडक्याने झाकून २० मिनिटे स्वस्थ ठेवावे. या काळात ग्लुटेन आपोआप जुळू लागते व मळण्याचे श्रम वाचतात.

३. नंतर मीठ व तेल घालून कणीक १० मिनिटे चांगली तिंबावी. मिठाने ग्लुटेनला बळकटी येते व आंबण्यास लगाम बसतो. आरंभी कणीक हातास चिकटते. म्हणून वरून पीठ घालीत बसू नये. कणकेचा लहान तुकडा बोटांनी ताणून उजेडासमोर धरावा. तो न फाटता पातळ पडद्यासारखा झाला म्हणजे तिंबणे पुरे झाले.

४. कणीक तेलाचा हात लावलेल्या पातेल्यात झाकून ठेवावी. साधारण २८ अंश उष्णतेच्या हवेत दीड ते दोन तासांत ती सुमारे दुप्पट होते.

५. तिचे २०० ग्रॅमचे चार उंडे करावेत. कडा खाली दुमडून उंड्याचा वरचा भाग गुळगुळीत करावा व ओल्या फडक्याखाली आणखी दीड ते दोन तास ठेवावे. बोट हलके दाबले असता खळगा सावकाश भरून आला म्हणजे उंडा तयार झाला. खळगा तत्काळ भरला तर थांबावे. मुळीच भरला नाही तर कणीक अधिक आंबली असे समजावे.

ऋतुमानाप्रमाणे हा काळ बदलतो. वैशाखात ३५ अंशांच्या वर उष्णता असता निम्म्या वेळात काम होते, तर पौषाच्या थंडीत दुप्पट वेळ लागू शकतो. म्हणून घड्याळापेक्षा कणकेकडे पाहावे. उन्हाळ्यात यीस्ट कमी करावे. वेळ वाचविण्यासाठी ते वाढवू मात्र नये. शीतकपाट असल्यास उंडे झाकून रात्रभर त्यात ठेवावेत. चव अधिक चांगली येते.

थापणे व भाजणे

उंड्यास पीठ लावून मधून कडेकडे बोटांनी दाबीत सुमारे २२ सेंटिमीटर व्यासाची पोळी थापावी. कडेचा बोटभर भाग दाबू नये. लाटणे वापरल्यास अनेक तासांत साठलेला वायू क्षणात निघून जातो व पोळी चपटी राहते.

नेपल्सच्या भट्टीची उष्णता घरी मिळत नाही, तथापि जाड बिडाचा तवा पुष्कळ अंशी तिची उणीव भरून काढतो. तवा चांगला तापवून मध्यम आचेवर पोळी टाकावी. दोन-तीन मिनिटांत वर फोड येतात व खाली तपकिरी ठिपके पडतात. मग ती उलटून भाजलेल्या बाजूवर टोमॅटोचा दाट रस, चीज किंवा पनीर व भाज्या पातळ थरात पसराव्यात आणि झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटे भाजावे. चूल असल्यास सपाट झाकणावर निखारे ठेवावेत, म्हणजे वरूनही आच लागते. विजेची भट्टी असल्यास ती २५० अंशांवर अर्धा तास तापवून पोळी आठ ते दहा मिनिटे भाजावी.

दोष व त्यांची कारणे

कणीक मुळीच न फुगल्यास यीस्ट जुने आहे किंवा पाणी फार गरम होते असे समजावे. फुगून भाजताना बसल्यास ती अधिक आंबली किंवा गहू दुर्बल आहे. थापताना पोळी वारंवार आखडत असल्यास उंड्यास पुरेशी विश्रांती मिळालेली नाही. तो पंधरा मिनिटे झाकून ठेवावा. पोळी कोरडी व कडक झाल्यास पाणी कमी पडले किंवा आच मंद असल्याने ती फार वेळ भाजावी लागली.

विक्रीसाठी करावयाचे झाल्यास

बेस विकावयाचे असल्यास पोळी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटे भाजून जाळीवर पूर्ण थंड करावी. ऊन असतानाच पिशवीत भरल्यास आत पाणी सुटते व बुरशी लवकर धरते. या बेसमध्ये टिकाऊपणाची कोणतीही द्रव्ये नसल्याने उष्ण हवेत तो त्याच दिवशी संपवावा. पिशवीवर तयार केल्याची तारीख घालावी. अन्नपदार्थांच्या विक्रीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. ती आधी करून घ्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी या विषयाचे प्रात्यक्षिक पुढीलप्रमाणे घडवावे. एकाच मापाचे दोन काचेचे पेले घ्यावेत. एकात सरबती व दुसऱ्यात बन्सी गव्हाच्या पिठाची, सारख्याच प्रमाणात यीस्ट व मीठ घालून मळलेली कणीक भरावी आणि तिच्या उंचीशी बाहेरून दोरा बांधावा. दोन तासांनी कोणती कणीक दोऱ्याच्या किती वर आली हे सर्वांस दिसेल. त्यानंतर दोन्ही उंडे भाजून व कापून आतील जाळी दाखवावी. अशा रीतीने आपल्या शेतातील गहू कोणत्या कामाचा आहे हे शेतकऱ्यास उमगेल, आणि सरबती पाव-पिझ्झाकडे, बन्सी रव्या-शेवयांकडे व खपली खीर-पुरणपोळीकडे वळविल्यास प्रत्येक गव्हाचे योग्य चीज होईल.