पेशी फुटली, तरी प्रथिन तयार

सहावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, विषाणूला तोंड नाही, पोट नाही, मग तो वाढतो कसा?" मी सांगितलं, आपल्या शरीरात शिरून वाढतो. उत्तर चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेच्या किचन शेडचं उदाहरण घेतलं.

विषाणूकडे चूल नसते. त्याच्याकडे असते फक्त एक चिठ्ठी. बऱ्याच विषाणूंत ती आरएनएची असते. पेशीतला स्वयंपाकी म्हणजे रायबोसोम. चिठ्ठी कुणी दिली हे तो बघत नाही. तीन-तीन अक्षरं वाचतो, त्याप्रमाणे एकेक अमिनो आम्ल जोडतो, आणि विषाणूचं प्रथिन तयार!

आता गंमत बघा. शेडच्या भिंती पाडल्या, पण चूल, भांडी, तांदूळ, गॅस राहिला, तर खिचडी शिजेल ना? शास्त्रज्ञांनी हेच केलं. १९६१ साली अमेरिकेत निरेनबर्ग आणि मथाई यांनी ई. कोलाय जिवाणू चिरडून त्यांचा रस काढला. त्यातला डीएनए नष्ट केला, म्हणजे जिवाणूच्या स्वतःच्या नव्या चिठ्ठ्या निघणं बंद. मग अमिनो आम्लं, ऊर्जा देणारं एटीपी आणि बाहेरचा आरएनए घातला. नुसत्या 'यू' अक्षराच्या आरएनएपासून फक्त फिनाइलअॅलनिनची साखळी बनली. तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या मोझॅक विषाणूचा आरएनए घातला, तेव्हाही प्रथिन बनू लागलं. पुढच्याच वर्षी एफ-२ या विषाणूच्या आरएनएपासून त्याच्या कवचाचं प्रथिन परीक्षानळीत मिळालं. नळीत एकही जिवंत पेशी नव्हती! नंतर तर आपल्या गव्हाच्या अंकुराचा रससुद्धा या कामाला चालला.

हे पालकांनाही सांगावं असं मला वाटतं. कारण "लशीनं जीन्स बदलतात" ही भीती अजून कानावर येते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ लशीला जून २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. भारतातली ही पहिली एमआरएनए लस. तिच्यातही चिठ्ठीच आहे. रायबोसोम ती वाचतात ते पेशीकेंद्राच्या बाहेर. आपला डीएनए असतो आत. नळीत तर डीएनए नष्ट करूनही वाचन चालू होतं, हे लक्षात घ्या.

त्याच मुलीचा पुढचा प्रश्न होता, "चिठ्ठी मग तिथंच राहते का?" नाही बाळा, आरएनए नाजूक. पेशीतली विकरं काही काळात त्याचे तुकडे करून टाकतात.