नवजात बाळाची कावीळ आणि निळा प्रकाश

जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळ पिवळे दिसू लागते आणि घरात 'कावीळ' हा शब्द निघतो. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी सुमारे साठ, तर अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकी ऐंशी बाळांना ती होते. दूषित पाण्यातून मोठ्यांना होणारी कावीळ वेगळी; ही सहसा संसर्गाने होत नाही.

मग हा पिवळा रंग येतो कोठून? मुका मार लागला की काळानिळा डाग आधी हिरवट, मग पिवळसर होतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. साकळलेल्या रक्तातील हिमोग्लोबिन मोडून प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन आणि त्यापासून पिवळे बिलिरुबिन बनते. बाळाच्या शरीरभर हेच चाललेले असते. त्याच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या मोठ्यांच्या पेशींप्रमाणे १२० दिवस टिकत नाहीत. बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृतातील एक विकर त्याला विरघळणारे रूप देते, तेव्हा ते पित्तावाटे शौचातून बाहेर पडते. गर्भात असताना बाळाचे बिलिरुबिन वारेतून आईकडे जाई आणि तिचे यकृत ते काम करी. बाळाचे स्वतःचे विकर पुरेसे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. नेमक्या त्याच दिवसांत गळ्यात काविळीची माळ असते, आणि श्रेय माळेला मिळते!

सर्वच बाळांचे असे सुखरूप निभावत नाही. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते. बहिरेपणा, हालचालींतील कायमचे दोष, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. आई व बाळ यांचे रक्तगट जुळत नसतील तर हा धोका अधिक. जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी तर कपड्यांतील डांबराच्या गोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात.

यावरचा उपाय सापडला तो एका परिचारिकेच्या निरीक्षणातून. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याची कातडी फिकट झाली होती, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोणी भाग तेवढा गडद पिवळा राहिला होता! पुढे खिडकीतील उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन कमी भरले. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांचे उपकरण बनवून १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

प्रकाश करतो काय? बिलिरुबिनचा रेणू घडी घातल्यासारखा असतो. पाण्याशी जुळणारे त्याचे गट आत दडलेले असतात. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश शोषला की रेणूचा आकार बदलतो, ते गट उघडे पडतात आणि यकृतातील विकराच्या मदतीवाचून तो पित्तात उतरतो. जंबुपार किरणांचा यात संबंध नाही.

म्हणून घरच्या कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवू नये. त्यातील निळ्या प्रकाशाची मात्रा मोजलेली नसते आणि दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाला तो मिळतोही थोडा. वारंवार अंगावर पाजणे मात्र उपयोगी, कारण शौचाला साफ झाली की बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जात नाही. आईने हळद सोडण्याने काहीही साधत नाही.

पिवळेपणा चेहऱ्यावरून पायांकडे उतरत जातो. सावळ्या बाळाच्या कपाळावर बोट दाबून सोडले की तो कळतो. पहिल्या २४ तासांतच दिसला, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ पिईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल आणि शौच पांढुरके होत असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता अधिक असते.